शून्य ते शंभर, आमटीसकट

गाड्यांचे प्रकार बाजारात कितीही असोत, गिऱ्हाइकं दोनच प्रकारची असतात. एक विचारतं, "ॲव्हरेज किती देते?" दुसरं विचारतं, "पिकअप कसा आहे?" पहिलं गिऱ्हाईक संसारी असतं. दुसरंही संसारी असू शकतं, पण त्या बिचाऱ्याला अजून ते कोणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

गाड्या बनवणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक आहे. मारुतीच्या वॅगन आरची जाहिरात बघा. पेट्रोलवर लिटरला २४.३५ किलोमीटर, सीएनजीवर किलोला ३४.०५ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चक्क दोन घरं. पण हीच गाडी उभ्या जागेवरून ताशी शंभरला किती वेळात पोचते, याचा गाजावाजा कोणी करत नाही. आता बीएमडब्ल्यूची एम३४०आय घ्या. स्पोर्ट्स सेडान. चार दारं, पाच माणसांची जागा, मागे डिकी, म्हणजे दिसायला अगदी घरंदाज. पण ओळख करून देताना पहिलंच वाक्य हे, की शून्य ते शंभर ४.४ सेकंद. इथे दशांशानंतर एकच घर, पण त्या एका घरासाठी पुण्यातल्या एका घराएवढे पैसे पडतात. तिथे ॲव्हरेज विचारायचं नसतं. विचारलंत तर शोरूममधला कोटातला तरुण काही बोलत नाही, फक्त तुमच्यासाठी सांगितलेली कॉफी परत पाठवतो.

या दोन गाड्यांची तुलना करणं मुळात अन्यायाचं आहे, असं कोणी म्हणेल. आहेच. पण घरातल्या दोन जावयांची तुलना करताना आपण कुठे न्याय बघतो?

तर आकडे मांडू. वॅगन आरचं एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन ६७ अश्वशक्तीचं आणि गाडीचं वजन सव्वाआठशे किलोच्या आसपास. एम३४०आयचं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन ३७४ अश्वशक्तीचं आणि वजन पावणेदोन टन. म्हणजे टनामागे इकडे ऐंशी घोडे, तिकडे दोनशे चौदा. त्यात तिकडची ताकद चारही चाकांना वाटलेली, आणि आठ गिअर आपले आपण पडणारे. इकडे पाच गिअर, आणि ते पाडणारे आम्ही. वॅगन आरची रस्त्यावर परीक्षा घेणारे लोक चौदा-पंधरा सेकंदांच्या आसपास शंभर गाठतात. हिशेबाला पंधरा धरू.

फरक १०.६ सेकंदांचा. किमतीतला फरक, एकीकडे साधारण साडेसहा लाख आणि दुसरीकडे पाऊण कोट धरले तर, अडुसष्ट लाखांच्या घरात. भागाकार केला की सेकंदाला साडेसहा लाख रुपये पडतात. म्हणजे दर सेकंदाला एक नवीकोरी वॅगन आर. वाचलेल्या प्रत्येक सेकंदाची एकेक करत दहा गाड्या दारात उभ्या करता येतील. आता दहा गाड्या लावायच्या कुठे, हा प्रश्न येतोच, आणि सोसायटीच्या पार्किंगचे सध्याचे दर बघता शेवटी स्पोर्ट्स सेडानच स्वस्त पडते, असंही सिद्ध करता येईल. गणित हे असं सोयीचं शास्त्र आहे.

पण खरं म्हणजे ते १०.६ सेकंदही पुरते वाचत नाहीत. हळू गाडी वेग घेत असते तेव्हा ती काही जागेवर उभी नसते. तीही पुढेच जात असते. वेग एकसारखा वाढतो असं धरलं तर स्पोर्ट्स सेडान ४.४ सेकंदांत साधारण ६० मीटर जाते आणि मग शंभरच्या वेगाने चालत राहते. पंधराव्या सेकंदाला ती साडेतीनशे मीटरवर असते. वॅगन आर तेव्हा दोनशेच्या जरा पुढे. अंतर पडलं दीडशे मीटरचं. शंभरच्या वेगाने ते कापायला लागतात सव्वापाच सेकंद. तेवढीच बचत. भाव झाला सेकंदाला तेरा लाख, म्हणजे वॅगन आर जोडीने.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. मोटारीला कमाल वेग शंभर, घाटात त्याहून बराच कमी. एकदा रस्त्यावर चढताना आणि मग तळेगाव आणि खालापूरच्या टोलनाक्यांनंतर, असं तीनदा शून्यापासून शंभर करायला मिळतं. तीनदा सव्वापाच म्हणजे सोळा सेकंद. पुण्याहून मुंबईला जाताना पाऊण कोटीची गाडी तुम्हाला सोळा सेकंद आधी पोचवते. फास्टॅगमध्ये शिल्लक कमी असलेला एकच इसम रांगेत तुमच्या पुढे निघाला, की हे सोळा सेकंद व्याजासकट फिटतात.

हे सगळं मी भाच्याला सांगून पाहिलं. त्याने एक जर्मन स्पोर्ट्स सेडान घेतली आहे. गाडी सेकंडहँड, हप्ते फर्स्टहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे आणि बहिणीला त्याने किंमत वेगळी सांगितली आहे.

"मामा, तू आकडे सांगू नकोस. एकदा बस," तो म्हणाला.

बसलो. तळेगावचा टोलनाका पार झाला, पुढचा रस्ता जरा मोकळा दिसला. त्याने गाडी कडेला घेऊन पूर्ण थांबवली. मग डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत. गाडी गुरगुरायला लागली. पुढच्या पडद्यावर काहीतरी उगवावं लागतं म्हणे, ते उगवेना. त्याने एक बटण दाबलं, दुसरं सोडलं, मेन्यूत शिरला, बाहेर आला. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत आला आणि आमच्याकडे 'बंद पडली वाटतं' अशा कनवाळू नजरेने बघत पुढे निघून गेला. ही सगळी पूर्वतयारी ४.४ सेकंदांत धरत नाहीत.

मग ते उगवलं. पुढचं मला तुटक तुटकच आठवतं. पाठ सीटला चिकटली, पोट पाठीला चिकटलं, आणि सकाळी खाल्लेले पोहे होते तिथेच राहिले, म्हणजे टोलनाक्यावर.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"वाटायला वेळच मिळाला नाही," मी म्हणालो.

शंभर झाले होते. आता कायद्याने पुढे जाता येत नव्हतं. हल्ली तिथे कॅमेरे आहेत, आणि ते नुसता एका जागचा वेग टिपत नाहीत, दोन ठिकाणांमधल्या वेळेवरून सरासरीसुद्धा काढतात. म्हणजे लवकर पोचणं हाच पुरावा. त्या गाडीत पुढची पाऊण वाट आम्ही उजव्या लेनमध्ये साठने चाललेल्या ट्रेलरमागे, अगदी शिस्तीत कापली. घाटात तर एक वऱ्हाडाची बस आमच्या बरोबरीने होती. तिच्या खिडकीतल्या एका मुलाने आमच्या गाडीला हात केला. भाच्याने तो मान म्हणून स्वीकारला.

शून्य ते शंभरचं हे माप मुळात आलं अमेरिकेतून. टॉम मॅकेहिल नावाचा एक मोटार-लेखक होता. 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात १९४६ पासून तो गाड्यांची परीक्षणं लिहू लागला, आणि शून्यापासून साठ मैलांचा वेग गाठायला लागणारा वेळ हे परिमाण त्याने रूढ केलं. साठ मैल म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. युरोपने आणि आपण आकडा गोल करून शंभर धरला, म्हणजे आपली परीक्षा साडेतीन किलोमीटरने अवघड. अमेरिकेतल्या मासिकांनी पुढे आणखी एक सवलत घेतली. तिथल्या ड्रॅग शर्यतींच्या प्रथेला धरून गाडी हलल्यावरचा पहिला एक फूट ते मोजतच नाहीत. घड्याळ त्यानंतर सुरू होतं. त्यामुळे सेकंदाचे दोन-तीन दशांश परस्पर वाचतात.

एक फूट! पुण्यात पहिले वीस फूट मोजत नाहीत. लाल दिव्यावर उभं राहायची जागा झेब्रा क्रॉसिंगच्या मागे असते असं म्हणतात. प्रत्यक्षात आकडा पाचवर आला की रिक्षा हलते, तीनवर आला की स्कूटरवाल्या मावशी चौकाच्या मध्यात असतात, आणि हिरवा लागतो तेव्हा फक्त गाडीवाले उरलेले असतात. स्पोर्ट्स सेडानला लाँच कंट्रोल, म्हणजे भाच्याच्या पडद्यावर जे उगवलं ते, लावायला पूर्ण थांबावं लागतं. ही तिची मोठीच अडचण आहे. शून्यापासून सुरुवात करायची, तर आधी शून्यावर यावं लागतं, आणि कर्वे रस्त्यावर शून्यावर येणाऱ्याला मागचा माणूस राहू देत नाही. शिवाय तिथे शंभरचा काय संबंध? दोन सिग्नलमध्ये जेमतेम तिसाचा वेग येतो, तेवढ्यात पुढचा सिग्नल, नाहीतर गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे पंचवीसच्या वेगाने सुखाने ओलांडता येतो. आमच्या सोसायटीचा गतिरोधक अध्यक्षांनी स्वतः उभं राहून घालून घेतला आहे. त्यावरून भाच्याची सेडान तिरकी करून, एकेक चाक उचलून न्यावी लागते. खाली वाकून बघायला वॉचमन असतो. गाडी भरलेली असेल तर आमच्याही गाडीतून दोघं उतरतात. कोणी उतरायचं, हे कोणी सांगत नाही. ज्यांनी उतरायचं ते आपापले ओळखून उतरतात.

आता मुद्द्यावर येतो. हे जे चार किंवा पंधरा सेकंद आहेत, ते कोणाचे? सकाळी लवकर, सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर, काचेला जीपीएसचं यंत्र चिकटवून गाडी पळवणाऱ्या एका माणसाचे. फार तर शेजारी आकडे टिपणारा आणखी एक. फॅमिली कारची परीक्षासुद्धा फॅमिली घरी ठेवून घेतात. वॅगन आरमध्ये चार जादा माणसं आणि वर सामान, म्हणजे साधारण तीनशे-सव्वातीनशे किलो घाला. मूळ गाडीच तेवढी हलकी, त्यामुळे तिचं एकूण वजन एक तृतीयांशाहून जास्त वाढतं आणि पंधराचे वीस सेकंद होतात. तेवढंच वजन स्पोर्ट्स सेडानमध्ये घातलं तर ती पाचवर, फार तर सव्वापाचवर जाते. म्हणजे नातेवाइकांचा परिणाम श्रीमंत गाडीवर कमी होतो. हे फक्त गाड्यांपुरतं खरं आहे असं नाही, पण ते असो.

त्यातही वजन ही गोष्ट किरकोळ आहे. खरा प्रश्न आत्याच्या मांडीवर काय आहे, हा असतो.

होळीला आमच्याकडून चिंचवडला, आत्याच्या मुलीकडे, पुरणपोळ्या जातात. पोळ्या डब्यात असतात, त्यांचं काही म्हणणं नसतं. पण पोळी म्हटली की कटाची आमटी आली, आणि आत्याचा झाकणवाल्या डब्यांवर विश्वास नाही. आमटी पातेल्यात. स्टीलचं, तोंडाशी वीतभराहून थोडं जास्त, वर ताटली, त्यावर जुन्या धोतराचं फडकं गच्च बांधलेलं. ते पातेलं मांडीवर घेऊन आत्या पुढच्या सीटवर बसते. सीटबेल्ट आत्याला लावायचा की पातेल्याला, यावर दर वेळी थोडी चर्चा होते.

"सावकाश हं. कट आहे," ती गाडी सुरू व्हायच्या आधीच सांगते.

"अगं, अजून गिअर टाकला नाही."

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

गाडी वेग घेते तेव्हा भांड्यातल्या पातळ पदार्थाचा पृष्ठभाग मागच्या बाजूला चढतो. किती चढतो, याचं साधं सूत्र आहे: गाडीचं त्वरण भागिले गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, तेवढा उतार. पंधरा सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीत आमटी साधारण अकरा अंशांनी तिरकी होते. चोवीस सेंटिमीटरच्या पातेल्यात मागच्या काठाशी ती सव्वादोन सेंटिमीटर वर येते, म्हणजे सव्वा बोट. ४.४ सेकंदांच्या गाडीत उतार होतो तेहतीस अंशांचा, आणि काठाशी आमटी चढते पावणेआठ सेंटिमीटर. आडवी चार बोटं. हे झालं वेग हळुवार चढवला तर. एकदम हिसका दिला तर आमटी सरासरी वगैरे बघत नाही, उसळते, आणि उसळी याच्या दुप्पटही जाते. पातेलं अर्धं रिकामं ठेवणं हा एक उपाय आहे, पण तो आत्याला सुचवायची आमच्या घराण्यात कोणाची प्राज्ञा नाही. ती एक बोट सोडून काठोकाठ भरते.

एक बोट सोडलेलं असेल तर हिशेब असा निघतो, की आमटी न सांडता शून्यापासून शंभर गाठायला किमान एकोणीस सेकंद घ्यावे लागतात. मग इंजिन ६७ अश्वशक्तीचं असो की ३७४ चं. पुढच्या सीटवर आत्या आणि तिच्या मांडीवर कट, एवढी सामग्री बसवली की जगातल्या सगळ्या मोटारी एकाच वेळेत शंभर गाठतात. आठ गिअर, चार चाकांची ताकद, टर्बो, सगळं तिच्या एका भुवईपुढे थंड. वॅगन आर ते एकोणीस सेकंद जीव तोडून करते आणि स्पोर्ट्स सेडान जीव मुठीत धरून करते, एवढाच काय तो फरक.

ब्रेकच्या वेळी मात्र दोन्ही गाड्या तितक्याच धोक्याच्या. रिक्षा आडवी आली की आमटी पुढे येते, आणि पुढे येते म्हणजे कुठे येते, ते डॅशबोर्डच्या फटींतून अजूनही उन्हाळ्यात वासाने कळतं. गोडा मसाला चांगला होता, हे निर्विवाद.

मागच्या सीटवरचा मामला वेगळा. तिथे आई. आईला गाडी लागते. तिच्या पर्समध्ये आलेपाक, आवळासुपारी, अर्धं लिंबू आणि घडी केलेली एक प्लॅस्टिकची पिशवी असते. ही पिशवी कधी वापरली गेली नाही तरी सगळ्यांना तिची घडी दिसत राहते, आणि चालवणारा आपोआप सावकाश चालवतो. गाडी लागणाऱ्यांना वेग त्रास देत नाही, वेगातले बदल त्रास देतात. शंभरच्या संथ वेगाने आई झोपते. पिकअप तिला सोसत नाही. म्हणजे ज्या एका गुणासाठी स्पोर्ट्स सेडानला पाऊण कोट मोजायचे, नेमका तोच तिच्या लिंबाच्या मुळावर.

घाट लागला की फॅमिली कारची खरी शोभा होते. कात्रज, खंबाटकी, कुंभार्ली, कुठलाही घ्या. पाच माणसं, टपावर कॅरिअर, त्यावर ताडपत्री. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते, दुसऱ्यात घालावी तर रडते. अशा वेळी स्पोर्ट्स सेडानमध्ये एक बटण असतं: स्पोर्ट मोड. ते दाबलं की गिअर खालचा पडतो, आवाज बदलतो. आमच्याकडेही आहे. आमच्याकडे त्याला एसी बंद करणं म्हणतात. कॉम्प्रेसरचा भार उतरला की दोन-चार घोडे सुटतात, आणि साठ-पासष्ट घोड्यांच्या घरात दोन-चार म्हणजे थोडे नव्हेत. एसी बंद, काचा खाली, सगळ्यांनी किंचित पुढे झुकायचं. पुढे झुकल्याने काही होत नाही, पण झुकायचं. तरीही भागलं नाही तर सीएनजीवरून पेट्रोलवर टाकायची. तो झाला आमचा स्पोर्ट प्लस. सीएनजीवर आधीच ताकद दहाएक घोड्यांनी कमी झालेली असते, त्यामुळे बदल चांगला जाणवतो. माझ्या मते तरी भाच्याच्या बटणापेक्षा जास्त जाणवतो.

आता एवढी थट्टा केली, पण एका ठिकाणी मला त्या गाडीचा मनापासून हेवा वाटतो, आणि ते कबूल करायला हवं. दुपदरी रस्ता, पुढे लालपरी, तिचा वेग पन्नास, समोरून ट्रक येण्याची शक्यता. एसटीच्या मागून निघून तिच्या पुढे सुरक्षित अंतरावर यायला साधारण पंचावन्न मीटर जास्त कापावे लागतात. भरलेल्या फॅमिली कारला, तिसऱ्या गिअरमध्ये, साडेनऊ-दहा सेकंद. जोरकस सेडानला पाचहून कमी. समोरचा ट्रक साठने येत असेल तर आपल्याला जवळजवळ साडेतीनशे मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा, त्यांना दोनशेला भागतं. समोरच्या दिशेला घालवलेले हे पाच सेकंद सोळा सेकंदांच्या बचतीतले नव्हेत. यांचा भाव लाखांत काढता येत नाही. शून्य ते शंभर हा आकडा चहाच्या टपरीवर सांगायला ठीक. गाडी निवडायची तर चाळीस ते ऐंशी किंवा चाळीस ते शंभरला किती वेळ लागतो, हे बघावं. आपल्याकडची मोटारींची मासिकं वीस ते ऐंशी आणि चाळीस ते शंभर असे आकडेही छापतात. ते कोणी वाचत नाही, कारण त्यांत मिरवण्यासारखं काही नसतं.

अर्थात फॅमिली कारमध्ये ओव्हरटेक हा चालवणाऱ्याचा निर्णय नसतोच. तो ठराव असतो.

"घे घे, रिकामं आहे," असं मुलगी म्हणते तेव्हा आई डोळे मिटते, बायको दाराच्या वरची दांडी पकडते, आणि आत्या म्हणते, "कशाला? ती पुढच्या फाट्यावर थांबणारच आहे." ठराव बारगळतो. एसटी पुढच्या फाट्यावर खरंच थांबते. शून्य सेकंदांत ओव्हरटेक. पुढे आपण वडापावला थांबतो, आणि तीच एसटी, तोच कंडक्टर, आपल्याला परत मागे टाकून जातो.

आमच्या वडिलांच्या पिढीने हा पिकअपचा विषयच काढला नाही. प्रीमिअर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून यायची, १०८९ सीसी, चाळीसेक अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. जी गाडी दारात यायला वर्षं लागली, ती शंभरला पोचायला किती सेकंद लावते, याची त्या माणसांना काय मातब्बरी? मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. इंजिन पद्मिनीपेक्षा लहान, ७९६ सीसीचं, पण अंगाने इतकी हलकी, की सिग्नलला फियाट आणि अँबॅसॅडर दोघींना ती मागे टाकायची. पिकअपची चटक महाराष्ट्राला तिने लावली. २००० साली होंडा सिटीची व्हीटेक आली, १०६ अश्वशक्तीची, आणि कॉलेजातली मुलं बापाच्या गाडीची चावी मागताना पहिल्यांदाच खोटं बोलू लागली. आधी ती कुठे जातो याबद्दल खोटं बोलायची, आता किती वेळात पोचलो याबद्दलही बोलू लागली.

आणि आता विजेच्या गाड्यांनी तर सगळीच घडी विस्कटली. महिंद्राची एक्सईव्ही ९ई ही आपल्या चाकणला बनते. मोठी, उंच, आजी-आजोबांना चढायला पायरी शोधावी लागेल अशी कुटुंबाची गाडी. तिचा कंपनीने सांगितलेला वेळ ६.८ सेकंद. नेक्सॉन ईव्हीसुद्धा नऊच्या आत. गिअर नाहीत, इंजिनाला श्वास घ्यायला वेळ नको, पाय पडला की पूर्ण ताकद हजर. शिवाय पाय उचलला की गाडी आपणहून ओढ घेऊन वीज परत बॅटरीत भरते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हिसके. ज्या घरात सहा महिन्यांपूर्वी वीस सेकंदांची गाडी होती, त्या घरात आता आठ सेकंदांची आहे, चालवणारा तोच, त्याचा पाय तोच, आणि मागची आईही तीच. आलेपाकाचा खप वाढला असेल तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून नवी गाडी घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. शोरूमवाले मुद्दाम तुम्हाला एकट्याला बसवतात, सकाळी अकराला, रिकाम्या सर्व्हिस रोडवर, एसी एकवर. घरातले सगळे न्या. मागे मधल्या जागेवर, जिथे सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात, तिथे घरातलं सर्वांत स्पष्टवक्तं माणूस बसवा. एसी पूर्ण लावा. चांदणी चौकाचा नाहीतर कात्रजचा चढ घ्या, आणि चढावर एकदा थांबून पुन्हा निघा. आत्या असेल तर तिच्या हातात पाण्याचं पातेलं द्या. आमटी नको, गाडी अजून त्यांची आहे. शून्य ते शंभर बघू नका. उतरल्यावर मागच्यांना काय वाटलं ते विचारा आणि त्यांचं ऐका. मात्र आदल्या दिवशी फोन करून पाच जण येतोय म्हणून सांगून ठेवा, कारण टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत पेट्रोल नेहमी लाल दिव्यावर असतं.